शनिवार-रविवारचे आतिथ्य आणि सोमवारचे चूर्ण

चैत्र सरून वैशाख लागला की टोकावडे पंचक्रोशीत वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्यांची सोमवारची सकाळ इतर दिवसांपेक्षा वेगळी जाते. घशाशी आंबट येते, छातीत व पोटात जळजळ होते, डोके जड आहे, तोंड आले आहे, शौचास साफ होत नाही अथवा कालपासून तीन-चार वेळा पातळ झाली, अंग मोडून आले आहे, अशा तक्रारी घेऊन आलेल्यांची रांग दुपारपर्यंत हलत नाही. बुधवार-गुरुवारपर्यंत हा वर्ग विरळ होतो आणि पुढील सोमवारी त्यांतील काही चेहरे पुन्हा समोर येऊन बसतात. मृगाचा पाऊस पडला, लग्नसराई आटोपली, की ही रांगही ओसरते. हे चित्र एकट्या टोकावड्याचे नव्हे. मुरबाड, शहापूर, कल्याण, बदलापूर येथील व्यवसायबंधूंशी बोलताना हेच ऐकू येते.

या रांगेचे आपण काय करतो? जिह्वा पाहतो, नाडी पाहतो, उदरपरीक्षण करतो, ‘तिखट-तेलकट बंद करा’ असे सांगतो आणि अविपत्तिकर चूर्णाच्या पुड्या बांधतो. ज्यांना रांगेत बसण्यास वेळ नाही ते औषधी दुकानाच्या फळीवरून डबी उचलतात. परंतु ‘शनिवारी व रविवारी आपण कोठे होता, किती वेळा जेवलात, कोणत्या जेवणानंतर किती वेळाने पुढचे जेवलात’ हा प्रश्न विचारला जातोच असे नाही. आमचे स्पष्ट मत असे आहे की, ग्रीष्मातील या रुग्णांचे निदान या एका प्रश्नाच्या उत्तरात असते, आणि तो न विचारता दिलेले चूर्ण निरुपद्रवी नाही. प्रस्तुत लेखात याच विषयाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम या पंचक्रोशीची स्थिती पाहू. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी असा माळशेज घाटाकडे चढत जाणारा रस्ता हा पूर्वीचा २२२ व आताचा ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. याच बाजूने नाणेघाटाची सातवाहनकालीन व्यापारी वाट वर जाते. त्या वाटेवर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आजही आहेत. तेव्हाचा प्रवासी पाथेय बरोबर घेई आणि वाटेत पाणी मिळावे एवढीच त्याची अपेक्षा असे. आज रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिसळगृहे, ढाबे, रसवंत्या व शीतपेयांच्या टपऱ्या आहेत. आसपासच्या शिवारात शहरवासीयांची फार्महाऊसे उभी राहिली आहेत. शनिवारी दुपारनंतर डोंबिवली, कल्याण, ठाण्याकडील वाहनांची रीघ लागते ती रविवारी रात्री उलट दिशेने वाहू लागते. या वाहनांत केवळ पर्यटक नसतात. मुरबाड-शहापूरच्या गावांतून नोकरीनिमित्त शहरात गेलेली तरुण दांपत्ये त्यांत मोठ्या प्रमाणावर असतात. त्यांचे आई-वडील गावी, मित्र अर्धे गावी व अर्धे शहरात, आणि लग्ने, हळदी, साखरपुडे, वास्तुशांती, बारशी सारी या दोन-अडीच महिन्यांत.

अशा एका दांपत्याचे उदाहरण घेऊ. हे कोणा एका कुटुंबाचे वृत्त नव्हे. अनेक रुग्णांकडून ऐकलेले जुळवून आम्ही ते मांडीत आहोत. पती पस्तिशीच्या आतबाहेर, पत्नी तिशीची, दोघे नोकरी करणारी. सोमवार ते शुक्रवार पहाटे उठणे, लोकलचा प्रवास, डब्यातील पोळी-भाजी, रात्री साडेनऊला वरण-भात. या पाच दिवसांत दोघांना फारशी तक्रार नाही. शनिवारी अर्धा दिवस काम करून ती मोटारसायकलने निघतात. भर उन्हात दोन तासांचा प्रवास, वाटेत बर्फ घातलेला उसाचा रस, गावी पोहोचताच सासूबाईंनी राखून ठेवलेले जेवण. सायंकाळी मित्राच्या भावाची हळद. तेथे मटण-भाकरी रात्री अकराच्या पुढे, पुरुषमंडळींच्या एका कोपऱ्यात मद्य, ध्वनिवर्धकासमोर नाच, निजावयास दोन वाजलेले. रविवारी सकाळी नऊला महामार्गावर मित्रांसह मिसळ, कारण ‘वर्षातून किती वेळा भेटतो’. बाराच्या मुहूर्तावर लग्न. जेवणाची पंगत अडीचला. चारला दुसऱ्या मित्राच्या नव्या घरी चहा, भजी व आइस्क्रीम. परतताना ढाब्यावर ‘थोडेसेच’ म्हणून मागवलेले रात्रीचे जेवण आणि साडेअकराला डोंबिवलीचे घर. असे आठ-दहा शनिवार-रविवार सलग.

सोमवारी पतीस अम्लोद्गार, हृत्कंठदाह, शिरःशूल. पत्नीस मलावष्टंभ, आध्मान, मुखपाक, पायांत गोळे. एकाच ताटातील अन्न, परंतु व्याधी दोन. कारण ताट एक असले तरी वेळ एक नव्हती. पतीने भुकेआधी खाल्ले. पत्नीने भूक मरून गेल्यावर खाल्ले, कारण हळदीच्या घरी आणि सासरीही स्त्रियांची पंगत शेवटी बसते. दुपारी साडेतीनपर्यंत वाढण्यात उभी असलेली स्त्री नंतर उरलेले, थंड झालेले अन्न घाईने खाते आणि अर्ध्या तासात दुसऱ्या घरी ‘वहिनी, काहीतरी घ्याच’ म्हणून पुढे केलेली बशी तिला परतवता येत नाही. आपल्या केसपेपरवर दोघांच्या नावापुढे ‘आहार : मिश्र’ एवढीच नोंद असते.

शास्त्रात या तिन्ही प्रकारांना नेमकी नावे आहेत. पथ्य व अपथ्य एकत्र खाणे ते समशन, पूर्वीचे अन्न जिरण्यापूर्वी पुन्हा खाणे ते अध्यशन, अकाली अथवा मात्रेपेक्षा कमी-अधिक खाणे ते विषमाशन. ग्रहणीच्या चिकित्सेत चरकाचार्यांनी ती सांगितली आहेत आणि पदवी परीक्षेस बसलेल्या प्रत्येकाने ती पाठ केली आहेत. वरील पतीच्या रविवारात अध्यशन किमान तीनदा घडले. पत्नीच्या रविवारात विषमाशन प्रमुख. म्हणून दोघांना एकच चूर्ण देणे हे निदान न करता दिलेले औषध होय.

येथे ऋतूचा विचार महत्त्वाचा. ग्रीष्मात वाताचा संचय होतो, पित्ताचा नव्हे. पित्ताचा संचय वर्षा ऋतूतील आणि प्रकोप शरदातील, हे आपण जाणतोच. मग वैशाखात अम्लपित्ताची ही रांग कोठून आली? ती ऋतूने आणलेली नाही, वर्तनाने आणलेली आहे. आदानकालाच्या अखेरीस देहबल वर्षातील नीचतम पातळीवर असते. सूर्याने जगाचा स्नेह शोषून घेतलेला असतो. अशा वेळी मधुर, शीत, द्रव, स्निग्ध व लघू अन्नपान सांगितले आहे. लवण, अम्ल, कटू व उष्ण यांचे सेवन आणि व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. मद्य शक्यतो नकोच, घेतलेच तर अल्प व पुष्कळ पाणी मिसळून, असे ग्रंथकारांचे म्हणणे आहे. हळदीच्या रात्रीचा बेत यांपैकी प्रत्येक सूचनेच्या नेमका उलट असतो. दुर्बल देहातील अग्नी दुर्बल असतो आणि त्याच अग्नीवर दीड दिवसात सहा वेळा भार टाकला जातो. याचा हिशेब सोमवारीच पुरा होतो असेही नाही. जुलैमध्ये, पावसाने अग्नी आणखी मंदावल्यावर, जे प्रवाहिका व ग्रहणीचे रुग्ण आपल्याकडे येतात त्यांना एप्रिल-मे महिन्यांच्या सुट्टीचे दिवस विचारून पाहावेत.

आधुनिक विज्ञानाचेही याकडे लक्ष गेले आहे. जर्मनीतील म्युनिक येथील टिल रोनेबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली कामाचे दिवस व सुट्टीचे दिवस यांतील झोपेच्या वेळांमधील तफावतीस ‘सोशल जेट लॅग’ असे नाव दिले. विमानाने दूरदेशी न जाताही दर आठवड्यास शरीराचे घड्याळ मागे-पुढे ओढले जाते, असा त्याचा आशय. आपल्याकडे प्रजागर हा अन्न न पचण्याच्या हेतूंत स्पष्टपणे गणला आहे. मात्रेने घेतलेले पथ्य अन्नही चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखशय्या व प्रजागर यांनी पचत नाही, हे विमानस्थानातील वचन आपण बहुधा चिंता-शोकापुरते वापरतो. हळदीच्या रात्रीचे जागरण आनंदाचे असले तरी अग्नीच्या दृष्टीने ते जागरणच.

आता चूर्णाकडे वळू. अविपत्तिकर चूर्ण उत्तम कल्प आहे याबद्दल दुमत नाही. परंतु त्यातील प्रमुख विरेचक द्रव्य निशोत्तर आहे आणि निशोत्तर व साखर मिळून त्या चूर्णाचा मोठा भाग होतो. अतिउष्ण काळी शोधन करू नये, आत्ययिक अवस्थेत करावयाचे तर कृत्रिम उपायांनी काळाचा गुण पालटून करावे, असा दंडक आहे. एखादे वेळी अल्प मात्रेत घेतलेले चूर्ण म्हणजे शास्त्रोक्त विरेचन नव्हे, हे मान्य. परंतु दर सोमवारी व मंगळवारी दोन-दोन चमचे, असे दोन-अडीच महिने, आणि तेही घामाने आधीच द्रवांश गमावलेल्या देहास? हे सौम्य पण नित्याचे शोधन आपण ग्रीष्मात चालवीत असतो आणि त्यास ‘पाचक’ म्हणतो. वरील उदाहरणातील पत्नीच्या पायांत येणाऱ्या गोळ्यांचा विचार या दृष्टीने करावा. मधुमेही रुग्णास हेच चूर्ण देताना त्यातील साखरेचा विचार किती जण करतात, हाही प्रश्न आहे. ‘पोट जड आहे’ म्हणून दिलेले हिंग्वाष्टक उष्ण व तीक्ष्ण आहे. लवणभास्करात अनेक लवणे आहेत आणि रक्तदाबाच्या रुग्णाने ते चमच्या-चमच्याने घेणे उचित नाही.

औषधी दुकानदारांसाठी शंखवटीबद्दल दोन शब्द. तिच्या प्रचलित पाठात शोधित वत्सनाभ आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील अनुसूची ई-१ मध्ये वत्सनाभाचा समावेश असून अशा कल्पांच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना अक्षरे बारीक असल्यामुळे ग्राहक वाचत नाही, पण दुकानदाराने ती वाचलेली असावी. ‘लग्नाला चाललो आहे, चार दिवसांच्या पाचक गोळ्या द्या’ म्हणणाऱ्यास शंखवटीची बाटली देणे हा व्यापार सोपा खरा, परंतु योग्य नव्हे.

याहून गंभीर बाब निराळीच आहे. सोमवारी छातीत जळजळ घेऊन आलेला प्रत्येक जण अम्लपित्ताचा नसतो. हृदयविकाराचा झटका काहींमध्ये ‘अ‍ॅसिडिटी’च्या रूपाने दार ठोठावतो, विशेषतः मधुमेही रुग्णांत, स्त्रियांत व वृद्धांत. १९७८ साली अमेरिकेत फिलिप एटिंजर व सहकाऱ्यांनी सुट्टीच्या दिवसांतील मद्यपानानंतर हृदयाची गती अनियमित होऊन रविवार ते मंगळवार या दिवसांत रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले आणि त्या अवस्थेस ‘हॉलिडे हार्ट’ असे नाव पडले. आपल्या सोमवारच्या रांगेत असा रुग्ण नसेलच, असे कोण सांगू शकेल? छातीतील जळजळीबरोबर दरदरून घाम, डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत कळ, धाप, चालताना वाढणारी व थांबल्यावर कमी होणारी वेदना, छातीत धडधड, यांपैकी काहीही असेल तर चूर्णाची डबी उघडू नये. विद्युत् हृदयलेख जेथे निघतो तेथे रुग्णास तत्काळ पाठवावे. टोकावड्याहून मुरबाडला, तेथून कल्याण-उल्हासनगरला जाण्यास जो वेळ लागतो तो पाहता ‘आधी पुडी घेऊन पाहू’ हा सल्ला कोणी देऊ नये. दुकानदारांना तर आमची आग्रहाची विनंती आहे की, चाळिशीच्या पुढील ग्राहक छातीत जळजळ सांगून औषध मागत असेल तर दोन प्रश्न विचारल्याशिवाय विक्री करू नये. ग्राहक रागावला तरी चालेल.

उष्माघाताचेही तसेच. १६ एप्रिल २०२३ रोजी, रविवारच्या दिवशी, आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात खारघर येथे खुल्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. समुद्र जवळ असलेल्या कोकणपट्टीत उष्मा जीव घेत नाही, ही समजूत तेव्हाच सुटावयास हवी होती. दुपारी मांडवात घाम गाळणाऱ्या, रात्री मद्य घेतलेल्या व सकाळपासून लघवी झाली नसलेल्या वऱ्हाड्याची डोकेदुखी ही पित्ताची आहे असे गृहीत धरू नये. जुलाब होत असतील तर प्रथम जलसंजीवनी, नंतर औषध.

इतके वाचून कोणी म्हणेल की, मग सांगून टाकावे, शनिवार-रविवार घरी बसा. हा सल्ला काही वैद्य देतातही. आम्हांस तो मान्य नाही. तो पाळला जात नाही हे एक कारण, परंतु दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे. शहरातील दोन खोल्यांत आठवडाभर घड्याळाच्या काट्यावर राहणाऱ्या या मुलांना मित्र, भावकी व गाव भेटते ते याच दिवसांत. सुहृदांच्या सहवासाचे मोल आपल्या ग्रंथांनीही ओळखले आहे. इष्ट देशी, इष्ट साधनांसह, मन प्रसन्न ठेवून जेवावे असे सांगितले आहे. त्याच ठिकाणी न बोलता, न हसता, तन्मय होऊन जेवावे असेही सांगितले आहे, आणि मित्रांच्या पंगतीत ते होणे नाही. या दोहोंत आम्ही पहिल्याच्या बाजूने आहोत. एकाकीपणे, चिंतेने ग्रासून, मौनात जेवलेले अन्न अधिक चांगले पचते असा आमचा अनुभव नाही. तोडावयाची आहे ती भेट नव्हे, भेटीगणिक होणारे जेवण तोडावयाचे आहे.

त्यासाठी पादांशिक क्रम उपयोगी पडतो. अपथ्याची सवय एकदम न सोडता चतुर्थांशाने सोडावी आणि तेवढेच पथ्य त्या जागी आणावे, हा नियम आपण व्यसनाच्या रुग्णास सांगतो. तो शनिवार-रविवारासही लावता येतो. आम्ही अशा दांपत्यास समोर बसवून दोघांकडून त्या दीड दिवसाची उजळणी करून घेतो आणि त्यातील एकच गोष्ट सोडावयास सांगतो. कोणती, ते त्यांनीच ठरवावे. बहुतेक जण मिसळ सोडत नाहीत, रात्रीचा ढाबा सोडतात. आमची हरकत नाही. पुढील खेपेस दुसरी गोष्ट. रात्री अकरानंतर मटण झाले असेल तर सकाळी उद्गारशुद्धी, लघुता व खरी भूक ही जीर्णाहाराची लक्षणे दिसेपर्यंत मिसळ नको, हे मात्र आम्ही पहिल्या दिवशीच सांगतो. आणि पती-पत्नींना एकत्र सांगतो. एकट्या पत्नीस सांगितलेले पथ्य तिला सासरी व मित्रांच्या घरी एकटीने लढवावे लागते आणि तिसऱ्या घरी ती हरते.

पाहुणचाराच्या पद्धतीत बदल सुचवणे हेही वैद्याचे काम आहे. उन्हातून आलेल्यास ओटीवर बसवून, घाम निवल्यावर गूळ-पाणी देण्याची आपली जुनी रीत किती शहाणपणाची होती! घर्म व श्रम यांनी पीडित असताना एकदम शीत जल घेणे हा कुष्ठाच्या हेतूंत गणलेला प्रकार आज बर्फाच्या पेल्याने दारातच घडतो. बर्फ कोठला हेही पाहावे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग मिसळण्याचे बंधन घातले, परंतु रसवंतीतील पेल्यात रंग पाहण्याइतका वेळ कोणास असतो? कैरीचे पन्हे, धने-जिऱ्याचे पाणी, कोकमाचे सरबत, वाळा घातलेले माठातील पाणी यांना खर्च नाही व दोष नाही. नाचणीची आंबील, तांदळाची भाकरी, मुगाचे वरण, दुधी-पडवळाची भाजी, वर वाटीभर आमरस हे जेवण पाहुण्यास कमीपणाचे वाटत असेल, तर तो कमीपणा काढण्याचे काम गावचा वैद्य करू शकतो. त्याचा शब्द अजून ऐकला जातो.

ओघाने दही-ताकाबद्दल. सभासदांत याविषयी नेहमी वाद होतो. ग्रीष्मात दही वर्ज्य आहे. मात्र त्याच ऋतुचर्येत वाग्भटाचार्यांनी रसाला सांगितली आहे. साखर व सुगंधी द्रव्ये घालून घुसळलेले दही संस्काराने पालटते, हाच याचा अर्थ. तेव्हा लग्नातील श्रीखंडास सरसकट दोष देऊ नये. राशी, म्हणजे त्याची मात्रा, पाहावी. ताकाचे उलट आहे. सुश्रुताचार्यांनी उष्णकाळी, दुर्बलास, मूर्च्छा, भ्रम, दाह व रक्तपित्त असता तक्र देऊ नये म्हटले आहे आणि आपल्याकडे तर उन्हाळ्याचे पहिले पेय ताक. आमच्या मते लोणी काढलेले, ताजे, गोड, पुष्कळ पाण्याचे ताक या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या सात्म्य झालेले आहे आणि ते निरोगी माणसास चालू द्यावे. परंतु लग्नाच्या मांडवात सकाळपासून पिंपात ठेवलेला, दुपारी आंबून गेलेला मठ्ठा हा सुश्रुतांनी निषेधिलेल्या तक्राच्या पंक्तीत बसतो. आंब्याबाबत मात्र आमच्यातील काही मंडळी उगाच कडक होतात. अम्ल फळे व दूध विरुद्ध खरे, परंतु पक्व, मधुर आम्र व दूध यांचा योग भावप्रकाशात प्रशंसिला आहे. विरोध दाखवावयाचाच तर तळलेल्या मासळीनंतर लगेच येणाऱ्या आइस्क्रीमला दाखवावा.

एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा जलाशयांतून मुंबईस पाणी जाते आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुरबाडच्या अनेक पाड्यांची स्थिती वैशाखात निराळी नसते. अशा घरी रविवारी आठ पाहुणे जेवून जातात तेव्हा त्यांच्या आंघोळीचे, भांड्यांचे व पिण्याचे पाणी कोणीतरी डोक्यावरून आणलेले असते आणि ते आणणारी स्त्रीच नंतर चुलीपुढे बसते. ग्रीष्मात व्यायाम व आतप वर्ज्य ही सूचना तिलाही लागू आहे. सोमवारी आपल्याकडे येणाऱ्यांत ती नसते. ती बुधवारी येते, चक्कर व अंगदुखी सांगते, आणि आपण तिला रक्तवर्धक औषध देतो. पाहुण्यांनी एक जेवण कमी केले तर त्याचा लाभ पाहुण्यांच्या अग्नीपेक्षा तिच्या बलास अधिक होतो. दांपत्यास पटवताना आम्ही अलीकडे हे कारण पुढे करतो. स्वतःच्या पोटासाठी ढाबा न सोडणारा मुलगा आईच्या पायांसाठी जेवण सोडतो, असे दिसून आले आहे.

व्यवसायबंधूंना व दुकानदार सभासदांना आमची सूचना एवढीच की, येत्या चैत्रापासून मृगापर्यंत उदराच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर मागील शनिवार-रविवारच्या जेवणांच्या वेळा, निद्रेची वेळ, मद्य व प्रवास यांची एक ओळ लिहावी. पत्नीची नोंद तिला विचारून स्वतंत्र लिहावी, पतीच्या सांगण्यावरून नको. दुकानदारांनी सोमवारी व मंगळवारी विकल्या गेलेल्या पाचक कल्पांची वेगळी नोंद ठेवावी आणि तिसऱ्यांदा तीच डबी मागणाऱ्या ग्राहकास जवळच्या वैद्याकडे पाठवावे. यात विक्री थोडी घटेल हे आम्ही जाणून आहोत. या नोंदी आषाढात एकत्र करून पाहता येतील, आणि आमचे वरील प्रतिपादन टोकावड्याबाहेर कितपत लागू पडते तेही तेव्हाच कळेल.